वनूचा कोरा पेपर

आसगाव, तालुका पवनी
सोमवार, होळीले बारा दिवस. सन १९८४

तीर्थरूप पुंडलिकभाऊ,

आसगावच्या सत्यभामेनं तुमच्या पायावर डोकं ठेवलं असं समजा, म्हणजे पुढचं वाचायले तुम्हाले धीर राहील. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनीचा दमा थंडी गेल्यावर बसला असेल. काळी गाय व्याली असं ऐकलं. व्याली असेल तर खरवस इकडं आला नाही, हे माझ्या ध्यानात आहे. आमच्याकडं सगळे बरे आहेत. (हे लिहावं लागते म्हणून लिहिलं. बरे असते तर मी पत्र कशाले लिहिलं असतं?)

अक्षर पाहून हे पत्र दुसऱ्या कोणाचं समजू नका. आजवर तुम्हाले जेवढी पत्रं आली ती मी सांगितली अन् वनूनं लिहिली. हे मी माझ्या हातानं लिहून राहिली. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी, कारण आईचं बाळंतपण निघालं, मग तुम्ही शाळेत जात राहिले अन् मी घरी राहिली. (टोमणा मारला नाही. लिहिल्यावर टोमण्यासारखं दिसून राहिलं, पण खोडलं तर कागद फाटते.) साकोलीले येऊन तोंडानं सांगितलं असतं, पण समोरासमोर आपलं भांडण होते, अन् भांडणात तुम्ही मोठ्यानं बोलता म्हणून जिंकता. कागदावर तुम्हाले मधात बोलता येत नाही.

एक आधीच सांगून ठेवते, मले तुमच्यापाशी काही मागायचं नाही. झालं तेवढं सांगायचं आहे. येत्या गुरुवारी शहापूरचे वासुदेवराव आपल्या पोराले घेऊन वनूले पाहायले येऊन राहिले. शब्द तुम्ही देऊन ठेवला. तर गुरुवारच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडलं पाहिजे. आज सोमवार आहे, अन् एवढं लिहायले मले दुपार लागली.

तुम्हाले माहीत आहे, वनू सहावीत पहिली आली होती. यंदा सहामाहीचे पेपर दिवाळीनंतर झाले. ते झाल्यावर घनश्याम गुरुजी स्वतः घरी आले अन् चहासुद्धा न घेता पेपर माझ्यापुढं ठेवले. वर नाव, इयत्ता सातवी, हजेरी नंबर. खाली सगळं पांढरं. गणिताचा पांढरा, मराठीचा पांढरा, भूगोलाचाही पांढरा. गुरुजी म्हणाले, "बाई, पोरगी वर्गात हातात पेन घेते अन् लाकडासारखी होते. विचारलं तर तोंड उघडत नाही." मी म्हटलं, "मारा ना मग." ते म्हणाले, "मारून पाहिलं." गुरुजी गेल्यावर मीही मारून पाहिलं. बांधावरची बेशरमची काडी तोडून आणली. पोरगी रडली नाही, तिनं हात पुढं केला. ते काही मले बरं वाटलं नाही.

अन् घरी पाहाल तर हीच पोरगी शेणानं अंगण सारवता सारवता पूर्ण कविता म्हणते. पंचवीसचा पाढा उलटा म्हणते. बथ्थड असती तर मी समजलं असतं. बथ्थड नाही म्हणून मले राग जास्त येत होता. मग मी जे सगळे करतात ते केलं. दृष्ट काढली. डोक्यावर ब्राह्मीचं तेल इतकं थापलं की उशी चिकट झाली. पवनीले चष्मेवाल्याकडं नेलं, तो म्हणाला, "पोरीचे डोळे चांगले आहेत बाई, तुमचे तपासा." तपासले. चष्मा मले लागला. (तोच घालून हे लिहून राहिली, म्हणजे तेवढा तरी फायदा झाला.)

शेवटी आमच्या उपकेंद्रातल्या नर्स उषाबाईनं सांगितलं, भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात एक मंगळवार सोडून एक मंगळवार नागपूरहून एक बाई येते. शाळेत अडलेल्या लेकरांसंगं बोलते. मी म्हटलं, "औषध काय देते?" म्हणे, "औषध नाही. बोलते." मी म्हटलं, "बोलायसाठी भंडाऱ्याले काहून जायचं? बोलायले मी काय मेली?" उषाबाईनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. तिचं ते पाहणं मले आवडलं नाही, म्हणून गेली.

मंगळवार. काल इथवर झालं. आज म्हशीनं दावं तोडलं, त्यात सकाळ गेली. लवकर लिहिते.

आता भाऊ, माझी काय चूक आहे ते तुम्हीच सांगा. आपल्याकडं परक्या माणसानं पोरीले समोर बसवून नाव, शिक्षण विचारायचं म्हणजे एकच कार्यक्रम असते. मले दुसरा माहीतच नाही. म्हणून जानेवारीत पहिल्यांदा नेताना मी वनूले माझी हिरवी साडी नेसवली, दोन वेण्या घातल्या, पावडर लावली, अन् डब्यात पोहे घेतले, कारण प्रश्न विचारणाऱ्याले उपाशी कसं ठेवायचं? बसमध्ये तीन बायांनी विचारलं, "कुठचं स्थळ?" मी म्हटलं, "नागपूरचं." उगीच जास्त बोलायची सवय मले नाही. पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली होती, मले वाटलं बस लागली.

त्या बाईची खोली पाहून माझा अर्धा विश्वास तिथंच उडाला. सुई नाही, नळी नाही, बाटली नाही. रंगीत खडूचा एक डबा अन् एक बाहुली, तिचाही एक हात तुटलेला. बाई म्हणजे तीसेक वर्षांची काडी, पेन्सिल चावत बसलेली. तिनं विचारलं, "नाव काय?" मी वनूच्या पाठीत बोट खुपसलं. "कितवीत आहेस?" पुन्हा बोट. "गाव कोणतं, तालुका कोणता?" मी मनात म्हटलं, बरोबर, हेच विचारतात, आता जिल्हा विचारल. मग बाई म्हणाली, "त्या रेषेवरून चालून दाखवशील?" तेही बरोबर, पाय लंगडा आहे का ते पाहतात. मग तिनं कागद पुढं केला अन् म्हणाली, "दोन ओळी काही लिही, तुला आवडेल ते." वनूच्या हातातून पेन्सिल पडली. ओठ पांढरे झाले. पोरगी खुर्चीवरून सरकत सरकत खाली जमिनीवर बसली, माझ्या साडीचा सगळा घोळ अंगाभोवती घेऊन. मी ओरडली, "ऊठ, लोक काय म्हणतील?" खोलीत लोक म्हणून त्या बाईशिवाय कोणी नव्हतं.

बाईनं तिले तशीच बसू दिलं. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं अन् कागद भरायले लागली. पोरीच्या वडिलांचं नाव सांगा म्हणे. आता मी ते तोंडानं घेत नाही, तुम्हाले माहीत आहे, वीस वर्षांत घेतलं नाही. मी म्हटलं, "शेवटी राम येते." बाई म्हणाली, "सखाराम?" म्हटलं, नाही. "आत्माराम? गंगाराम?" म्हटलं, "पुढचं तराजूचं आहे." बाई पेन्सिल चावून राहिली. "तोलाराम?" म्हटलं, जवळ आल्या. तेवढ्यात खालून, जमिनीवरून, आवाज आला, "तुलाराम! तुलाराम लिहा ना मॅडम, ही सांगणार नाही, आमची बस सुटल."

दिवाळीपासून परक्या माणसापुढं तोंड न उघडलेली पोरगी, भाऊ. अन् बोलली ते बापाचं नाव. बाई हसली. वनूही हसली, माझ्यावर. बाईनं तो कागद बाजूले सारला, पुन्हा हातात घेतला नाही, स्वतः खाली जमिनीवर बसली अन् मले म्हणाली, "आई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा." मी बाहेर बसली. (खिडकीखाली.) आत अर्धा तास काय चाललं म्हणाल तर काही नाही. दोघींनी माझे पोहे खाल्ले, अन् वनूनं रंगीत खडूनं चित्र काढलं. यासाठी मी खळ्यावर धानाचं चुरणं टाकून आली होती.

निघताना बाईनं तीन गोष्टी सांगितल्या. साडी नेसवून आणायची नाही. मारायचं नाही. अन् रोज एकदा, भाताले आधण येईपर्यंत, वनूजवळ बसून तांदूळ निवडायचे अन् मी तोंडातून शब्द काढायचा नाही. पोरगी बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तर तांदूळ निवडायचे. मी म्हटलं, "आजारी पोरगी आहे, पथ्य मले काहून?" तर म्हणते, "करून पाहा."

करून पाहिलं. पहिल्या दिवशी मी दोन खडे निवडले नाहीत तर माझ्या तोंडून "सरळ बस" निघालं. दुसऱ्या दिवशी "नाक पूस". तिसऱ्या दिवशी मी तोंडात पाण्याचा घोट धरून बसली. तुम्ही हसाल, पण त्याशिवाय जमतच नव्हतं. वनूच्या बाबांनी दारातून पाहिलं अन् विचारलं, "दात दुखते का?" मले बोलता येईना, ते लवंग घेऊन आले. असं दहा-बारा दिवस चाललं. अन् एक दिवस तांदळाकडं पाहतच वनू म्हणाली, "आई, मी पास होणार नाही."

माझ्या तोंडात पाणी होतं म्हणून बरं, नाहीतर मी काहीतरी बोलून बसली असती.

ती म्हणाली, "पास झाली की सातवी संपते. नाही झाली तर मी सातवीतच राहीन. पेपर पाहिला की मले सगळं येते, पण हात म्हणते, लिहू नको. आता खरंच लिहिता येत नाही. मीच सांगितलं होतं त्याले, आता तो माझं ऐकत नाही."

भाऊ, तुम्हाले भाऊबीज आठवते का? तुमच्या ओसरीवर शहापूरचे वासुदेवराव बसले होते. वनू चिवड्याची ताटली घेऊन आली. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् त्या तुमच्या आवाजात म्हणाले, "हिची सातवी झाली की बार उडवून देऊ!" सगळे हसले. मीही हसली. मी तर "आज नेता का?" असंही म्हटलं होतं. ते तुम्ही विसरले असाल. मीही विसरली होती. ती विसरली नाही.

बुधवार. रात्री झोप आली नाही, पण लिहिलंही नाही. आज सकाळपासून बसली. पाहुणे उद्या.

ते चित्र मले बाईनं नंतर दाखवलं, वनूले विचारून. सात पायऱ्या काढल्या होत्या. सातव्या पायरीवर शाळेचं दार, अन् दारात रेंगी गाडी जुंपून उभी, बैलाच्या शिंगाले बाशिंग. पायऱ्या पुढं नव्हत्याच. बाजूले एक दप्तर खुंटीवर. ते दप्तर मी ओळखलं. आमच्या थोरल्या बेबीचं. बेबी सातवी झाली त्याच उन्हाळ्यात आपण तिचं लगन केलं, अन् तिच्या दप्तरात मी आता भोपळ्याचं बी ठेवते. मागच्या सणाले बेबी माहेरी आली, तेव्हा वनूनं तिच्यापुढं पुस्तक धरलं होतं, "ताई वाच ना." बेबी हसून म्हणाली, "मले आता येत नाही वं." मी चुलीपाशी होती, मी ऐकलं होतं. ऐकून मी भाकर उलटवली.

तर मग हाताचं काय, म्हणाल. हाताचं त्या बाईनं असं काढलं. आधी लिहायचंच नाही. सारवताना ओल्या शेणात बोटानं एक अक्षर काढायचं अन् लगेच पुसायचं. मग परसातल्या भिंतीवर कोळशानं. मग पाटीवर. कोणी पाहायचं नाही, कोणी वाहवा करायची नाही, चूक दाखवायची नाही. हे माझ्यासारखीले किती कठीण आहे ते देवाले माहीत. परसात वनू कोळसा घेऊन उभी राहिली की मी भिंतीकडं पाठ करून म्हशीकडं तोंड करते. म्हैस मात्र खुशाल पाहते, तिले कोणी सांगितलं नाही. आठ दिवसांपूर्वी मी कोंबडी हाकलायच्या निमित्तानं वळली तर भिंतभर भूगोल होता. वैनगंगा कुठून निघते इथपासून. मी कोंबडीले शिव्या देत परत वळली, अन् डोळे पुसले ते धुरानं.

आता पाटीपर्यंत आली आहे. कागद अजून नाही. कागद समोर आला की हात थांबते. अन् एप्रिलात परीक्षा कागदावर आहे.

मागच्या मंगळवारी मी बाईले सरळ विचारलं, "कागदावर कधी लिहिल?" मले वाटलं, म्हणल, अजून चार खेपा घाला. तिनं पेन्सिल तोंडातून काढली अन् म्हणाली, "आई, एखाद्या मुलाची भीती खोटी असली तर मी ती हळूहळू काढू शकते. तुमच्या वनूची भीती खोटी नाही. दारात गाडी खरंच उभी आहे. ती मी कशी हलवू? ती हलवणारे तुम्ही लोक आहात." भाऊ, मले कोणी असं तोंडावर सांगत नाही. तुम्ही सोडून. मी चप्पल घातली अन् नमस्कार न करता निघाली. बस येईपर्यंत मात्र मले कळलं की ती काडी खरं बोलली.

वनूच्या बाबांपुढं विषय काढला. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण पुंडलिकरावांनी शब्द दिला." तुमच्यापुढं त्यांची मान वर होत नाही, हे काय मी तुम्हाले सांगावं! म्हणून मी लिहून राहिली. मागायचं काही नाही. फक्त एवढंच की उद्या सकाळच्या आत शहापूरले निरोप गेला तर पाहुण्यांची चक्कर वाचल. वनूले मी काही सांगितलं नाही, पण आज दुपारी ती पाटी घेऊन बसली नाही. तिनं विचारलं, "आई, हिरवी साडी काहून काढली?" मी म्हटलं, "ऊन दाखवायले." पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली आहे, अन् दिवस अजून बुडाला नाही.

डाकवाला आता येईल, पत्र आजच साकोलीच्या बसमध्ये टाक म्हणून त्याले सांगते. संपवते. वहिनीले नमस्कार, लेकरांले आशीर्वाद. मोठ्या भावापुढं जास्त बोलली असेल तर मनात ठेवू नका. (ठेवलं तरी चालल.)

तुमची धाकटी बहीण
सत्यभामा

ता. क. आज शुक्रवार. डाकवाला बुधवारी आलाच नाही, त्याच्या सासऱ्याची तेरवी होती. म्हणजे पत्र इथंच राहिलं अन् पाहुणे येऊन गेले. वासुदेवराव एव्हाना तुमच्याकडं आले असतील, अन् जे सांगतील ते थोडं वाढवून सांगतील, म्हणून खरं काय ते लिहिते. गुरुवारी दहा वाजता मी वनूले निळा स्कर्ट अन् पांढरा ब्लाउज घालून शाळेत लावून दिलं. हिरवी साडी पेटीत ठेवली. पाहुणे आले. पाणी दिलं, पाट मांडला. वासुदेवराव म्हणाले, "बोलवा पोरीले." मी म्हटलं, "पोरगी शाळेत गेली. पाट तुमच्या ईश्वरसाठी आहे." पोरगं गरीब, बसलं. मी विचारलं, नाव काय, शिक्षण काय, तालुका कोणता, जिल्हा कोणता. सगळी उत्तरं बरोबर दिली. मग मी वनूचं सातवीचं पुस्तक पुढं ठेवलं, म्हटलं, "दोन ओळी वाचून दाखव." भाऊ, मी हे गंमत म्हणून केलं, रागानं केलं. पण त्या पोराचे ओठ वनूसारखेच पांढरे झाले. माझी सगळी मस्ती उतरली. मी पुस्तक काढून घेतलं, पोहे दिले, पाठीवरून हात फिरवला. वासुदेवराव चहा टाकून उठले, म्हणाले, "माझ्या पोराले पाटावर बसवलं! पुंडलिकरावांले सांगतो!" मी म्हटलं, "सांगा, मीही लिहून राहिली." ईश्वर मात्र जोडे घालताना हळूच म्हणाला, "मावशी, मी आठवीत दोनदा राहिलो. वनूले भंडाऱ्याले नेता असं ऐकलं. ती बाई मोठ्यांले पाहते का?" मी त्याले मंगळवार सांगून ठेवला आहे. वासुदेवरावांले हे सांगू नका.

दुसरा ता. क. मागायचं नाही म्हटलं होतं, ते सोमवारचं. आज मागते. रविवारी पहिल्या बसनं आसगावले या. मी वनूले म्हटलं, "गाडी हलवली, आता लिही." तिनं एकच विचारलं, "मामानं म्हटलं का?" आपल्याकडं मामाचा शब्द मोडत नाही, हे पोरीले माहीत असते, माझा शब्द म्हणजे आईचं बोलणं, तो रोजचाच आहे. तर तुम्ही तिच्या समोर बसा, अन् ज्या आवाजात भाऊबीजेले म्हटलं होतं त्याच आवाजात म्हणा की दहावीपर्यंत हिच्या लगनाचं नाव कोणी काढणार नाही. वासुदेवरावांपुढं तुमचा शब्द मोडला, हे मले कळते. त्यासाठी मले जे बोलायचं ते बोला, पण वनू शाळेत गेल्यावर, अन् हळू. एवढं म्हणून झालं की आधण येईपर्यंत तिच्याजवळ तांदूळ निवडत बसायचं अन् चूप राहायचं. तोंडात धरायले पाणी मी देईन. खरवस आणला तर आणा.

तिसरा ता. क. लिफाफा मी आज सकाळी भिंतीतल्या देवळीत ठेवला अन् पाण्याले गेली. पत्ता लिहायचा राहिला होता, कारण साकोलीतल्या तुमच्या गल्लीचं नाव मले लिहिता येत नाही. आली तर पत्ता लिहिलेला होता. पेनानं. कागदावर. वनू शाळेत निघून गेली होती. मी तिले काही म्हटलं नाही, म्हणायचंही नाही. लिफाफा तुम्ही केव्हाच फाडला असेल, तुमचं फाडणं मले माहीत आहे. चुलीत गेला नसेल तर शोधा, पत्त्यावरून फाटला असेल तर भाताच्या शितानं चिकटवा, अन् रविवारी सोबत आणा.